वास नसलेलं पाणी

पुण्याहून जालन्याला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर एक थर्मासचा डबा होता आणि मी तो कुणालाही हात लावू देत नव्हते. कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, वर ठेवा की, जागा आहे." मी मान हलवून नाही म्हटलं. आत नुसत्या सुया आणि काचेच्या नळ्या होत्या, पण येताना त्याच नळ्यांत कावीळ झालेल्या माणसांचं रक्त असणार होतं. माझा स्वभावच काळजीखोर. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी चपलांकडे बघत नमस्कार करतेस.

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा होता तो. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते आणि आमच्याकडे काविळीच्या विषाणूंवर संशोधन चाले. भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या पुढच्या एका गावात घराघरांत डोळे पिवळे झाल्याची बातमी आली. आमच्या मॅडम म्हणाल्या, "जा, रक्त आण, पाणी आण आणि लवकर ये." गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत, उगाच कुणी पाण्यावरून नावं ठेवायला नको.

वाचकांना एवढंच सांगते, म्हणजे माझी धाकधूक समजेल. पाण्यातून येणाऱ्या काविळी मुख्यतः दोन, 'ए' आणि 'ई'. दोन्हींचा रस्ता एकच आणि घाणेरडा: आजारी माणसाच्या विष्ठेचा अंश पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. 'ए' बहुतेक लहान मुलांना होते आणि आली तशी जाते. 'ई' मोठ्यांना गाठते आणि दिवस भरत आलेली बाई असेल तर तिचा जीवही घेते. डोळे बघून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी रक्तच तपासावं लागतं.

जालन्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. जिकडेतिकडे बियाण्यांच्या पाट्या, आणि एमआयडीसीकडून आलेल्या टेम्पोत लोखंडाच्या काजळीने माखलेली माणसं उभ्याने झोपलेली. मी चहा सांगितला आणि चहावाल्याला म्हटलं, अजून उकळू द्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, उकळून उकळून पाणी संपलं. आता पिता, का उद्याच्याला येता?" शेजारचे दोघे हसले. मी प्याले, पण कप कशात विसळला ते आधी बघून घेतलं.

हसनाबादला गाडी बदलताना बर्फाचे गोळे विकणारा एक म्हातारा दिसला. परतताना नळ्या थंड ठेवायला बर्फ लागणार होता, म्हणून त्याला विचारलं, "परवा दुपारी बर्फ ठेवाल का माझ्यासाठी?"

"लगीन हाय का?"

"नाही हो, औषधाचं काम आहे."

"मंग बिलकुल ठेवतो. लग्नवाले येतो म्हन्तेत अन् येत न्हाईत."

माझी राहायची सोय आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंनी सरस्वताबाईंच्या वस्तीवर (शेतातलं घर) केली होती. गावापासून थोडं लांब, दोन कडुलिंब, गोठा, आणि दारात त्यांची स्वतःची विहीर. विहिरीत डोकावले तर तळाला कोरडा गाळ. सरस्वताबाई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं खांदली. कधी आटली न्हाई. औंदा पयल्यांदा आटली. होळीपासून गावातून पानी आणून राह्यलो."

आल्या आल्या पाणी पुढे आलं. तांब्या घेऊन उभी होती त्यांची मुलगी मंगल, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलेली. पोट चांगलंच पुढे आलेलं. "घ्या मावशी," म्हणून ती हसली आणि मला तिचे डोळे दिसले. हळदीच्या हाताने पुसल्यासारखे पिवळे.

मी पाणी घेतलं नाही, पिशवीतली माझी बाटली काढली. सरस्वताबाईंचा चेहरा उतरला. पाहुण्याने पाणी नाकारणं म्हणजे काय ते मलाही कळतं, पण माझ्याच्याने होईना.

संध्याकाळी त्यांनी चुलीसमोर बसवून भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या मसाल्याची) वाढली. उकळती आमटी, तव्यावरची भाकरी, म्हणून मी पोटभर जेवले. मंगलने दोन घास खाल्ले आणि ती उठून बाहेर गेली. सरस्वताबाई चुलीकडे बघत म्हणाल्या, "दवाखान्यात दावून आणली. आराम करा म्हनले. हिच्या सासरी अजून कळवलं न्हाई. ताई, तुम्ही शिकल्यासवरल्या. पोरीला धोका हाय का?"

"रक्त तपासल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हटलं. खरं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर गावच्या विहिरीवर गेले. टँकर आला, त्याने पाइप विहिरीत सोडला, आणि टँकर रिकामा व्हायच्या आत बायकांचे पोहरे (पाणी काढायचे छोटे डबे) खाली गेले. दोर जमिनीवर लोळत होते, मागच्या हागणदारीतून आलेली पोरं तेच तुडवत होती, आणि तेच ओले दोर पुन्हा आत. मी प्रत्येक घागरीतलं थोडं पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. एकही पिवळं झालं नाही. मला नवल वाटलं, कारण नर्सबाईंनी छातीठोक सांगितलं होतं की या गावात टीसीएल (विहिरीत टाकायची पांढरी पावडर) एक दिवस चुकत नाही.

मग दिवसभर घराघरांत रक्त घेत फिरले. बहुतेक पोरंच होती, त्याने जरा धीर आला. मंगलचं रक्त घेताना मात्र नळीवरचं नाव मी दोनदा तपासलं. तिने विचारलं, "मावशी, बाळाचे डोळे बी असेच होतील का?" मी म्हटलं, "नाही गं." कशाच्या आधारावर म्हटलं, देव जाणे.

ऊन उतरताना विहिरीवरून चालले होते तर ग्रामपंचायतीचे शिपाई सर्जेराव बादलीत पावडर कालवत होते. वरची निवळी (गाळ खाली बसल्यावरचं स्वच्छ पाणी) त्यांनी मायेने विहिरीत ओतली. वास नाकात शिरला. खाली तळाशी वीतभर पाणी उरलं होतं.

"आत्ता टाकता?" मी विचारलं.

"रोज याच टायमाला, बराबर."

"पण पाणी तर सगळ्यांनी सकाळीच भरलं."

"तेच तर, मॅडम." ते खुशीत आले. "सकाळी टाकत व्हतो आधी. बाया वरडायच्या, पान्याला वास येतो, चहा कडू लागतो. मंग म्या म्हनलं, भरून जाऊ द्या त्यान्ला, मागून टाकू. आता कुनाची तक्रार न्हाई, अन् पावडर बी रोज पडती."

मी विहिरीच्या काठावर बसले. रागवायचं तरी कुणावर? त्या माणसाने सगळ्या गावाची मर्जी राखली होती. त्यांना सांगितलं, रात्रीतून ही पावडर उडून जाते, सकाळी तिच्यावर टँकरचं नवं पाणी पडतं आणि लोक पितात ते नुसतं तसंच, बिनऔषधाचं. वास येतो तेच पाणी प्यायचं. सर्जेरावांनी हातातली बादली खाली ठेवली. "म्हंजी म्या रोज उरल्या पान्याला औषिद पाजलं," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी टँकर रिकामा होताच निवळी ओतली आणि विहिरीपुढे आडवे उभे राहिले. अर्धा तास कुणी पोहरा टाकायचा नाही. बायका खवळल्या. आम्हाला रोजानं जायचंय, जल्दी करा, हे असलं पाणी जनावर तरी पिईल का. मी समजावत होते, कोण ऐकतंय. तेव्हा सरस्वताबाई पुढे आल्या. घागर खाली ठेवून म्हणाल्या, "मीच वरडले व्हते वासापायी. समद्यांत आधी मी. आता माझ्या मंगलीचं तोंड बघून या, मंग बोला." एकेकीने पोहरा खाली ठेवला. अर्ध्या तासाने पहिली घागर सरस्वताबाईंनी भरली.

गोळेवाल्या म्हाताऱ्याने शब्द पाळला होता. पण जालन्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली, आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली मी डबा पदराने झाकून बसले. झाकण उघडून बर्फ बघायची इच्छा होई आणि उघडलं तर अजून वितळेल म्हणून हात मागे घेई. त्या नळ्यांतल्या एका नळीवर मंगलचं नाव होतं, बाकीचं मला काही सुचत नव्हतं. जालन्यात धावत जाऊन कुल्फीवाल्याकडून पुन्हा बर्फ घेतला.

पुण्यात तपासणीला वेळ लागला. त्या दिवसांत घरच्या नळाला क्लोरीनचा वास आला की मी एरवीसारखी कुरकुर करत नसे, ग्लास नाकाशी धरून उभी राहायचे. अखेर निकाल आला. पोरांची 'ए'. मंगलचीही 'ए'. 'ई'चा मागमूस नव्हता. मॅडम म्हणाल्या, अशा गावांत 'ए' लहानपणीच होऊन जाते आणि एकदा झाली की पुन्हा होत नाही, म्हणून मोठ्यांत सहसा दिसत नाही. मला वस्तीवरची ती कोरडी विहीर आठवली. मंगल तिच्याच पाण्यावर वाढली होती, गावच्या पाण्याशी तिची गाठ यंदाच पडली.

ठरल्याप्रमाणे बाजाराच्या दिवशी हसनाबादच्या एसटीडी बूथवर फोन लावला. सरस्वताबाई सकाळपासून तिथे बसून होत्या.

"हलकी कावीळ निघाली," मी म्हटलं. "जिवाची भीती होती ती ही नाही. पाणी उकळून द्या, हात साबणाने धुवा, आणि बाळंतपण दवाखान्यातच करा."

पलीकडे त्या रडू लागल्या. मीही रडले, सांगायला लाज कसली. मग नाक ओढत त्या म्हणाल्या, "ताई, पान्याला लई वास येऊन राह्यला बरं का."

"मग? भरत नाही की काय?"

"भरते की. घागर उचलायच्या आधी तिच्यात नाक घालून बघते. वास आला, तरच घरी नेते."