गेम उघडून राहिला, दम धर

लातूरच्या कॉलेजात मोठ्या पडद्यावर ही ओळ झळकली आणि सगळा हॉल फिदीफिदी हसला.

स्टेजवरचे सर, पाहुणे आलेले कंपनीवाले, आपलं नवं ॲप दाखवत होते. जुन्या टीव्हीगेमच्या डब्यातले गेम मोबाइलवर चालवणारं, इम्युलेटर. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवलेल्या. ओळ वाचली आणि हात हवेतच राहिले. ती माझी होती. बिलोलीत बसून मीच लिहिलेली, कोडसकट इंटरनेटवर टाकलेली. म्हणजे आतला कोडही माझाच.

सर म्हणाले, "कुणा गावठ्यानं लिहून ठेवलंय. काढायचं राहिलं."

मी उठलो. "सर, ते गावठं म्या हाव."

"आडनाव काय?"

सांगितलं.

"अस्सं! तुम्हा लोकांना सगळं फुकटच लागतं ना? मग तुझं मी फुकट घेतलं तर बिघडलं कुठं?"

हॉल हसला. आणि मी? मीही हसलो. दात काढून.

घरी आक्काला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तू बी हसलास?"

ताट सारलं आणि लॅपटॉप उघडला.

मग मी माझ्याच कोडला जोडलेला परवाना पहिल्यांदा वाचला. हो, पहिल्यांदा! बाकीचे जोडतात म्हणून मीही जोडलेला. बौद्धाच्या घरात लिंबू-मिरची टांगावी तसा. त्यात स्वच्छ लिहिलेलं: घ्या, बदला, विका सुद्धा. पण करणाऱ्याचं नाव पुसू नका, आणि ज्याला ॲप द्याल त्याला तुमचा बदललेला कोडही याच अटींवर द्या. मोडाल, तर तुमचा हक्क संपला.

अट मोडल्याचं सरांना कळवलं. त्यांचा फोन आला.

"अरे बाळा, नाव टाकतो. कोड देणं जमणार नाही. हवं तर कामाला ये."

"सर, कोड. समदा."

"फुकटातल्या कामाचा एवढा माज?"

"फुकट नव्हतं, सर. मोकळं होतं."

त्यांनी फोन आपटला. त्यांचं ॲप जिथं मिळत होतं त्या ॲप-स्टोअरकडे मी तक्रार ठोकली: हक्क संपलाय, ॲप उतरवा.

आता मित्र म्हणतात, मिटव, मोठा माणूस हाय. असू दे. आमच्या मेहनतीला आजवर फुकट समजून लई जणांनी उचललं, वर आम्हालाच फुकटे म्हणाले. नोकरी नको, सत्कार नको, माफी तर नकोच. माझं नाव आणि त्यांचा सगळा कोड चारचौघांत येईस्तोवर तक्रार मागं घेणार न्हाई.