पाठीतली सुई आणि ओटीतले पैसे

माझं अक्षर वाईट आहे, तेवढं माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि भाकरी थापून थापून बोटं अशी झालीत की पेन धरला तर रेघ सरळ येत नाही. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी उरली होती, त्यावर लिहिते आहे. ती शाळेत गेली आणि धाकटा झोपला की थोडं लिहायचं आणि वही पिठाच्या डब्यामागे ठेवायची. कुणाला दाखवायची नाही. तोंडाने मला हे कधीच सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

धाकट्याच्या वेळी पाठीत सुई घ्यायची की नाही हे ठरवताना माझा सगळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

मुलगी माझ्या माहेरी झाली, सांगोल्याकडे, सरकारी दवाखान्यात. दीड दिवस कळा चालल्या. मी ओरडले नाही. पडद्यापलीकडे दुसऱ्या बायकांची माणसं बसलेली होती, त्यांना माझा आवाज ऐकू जाईल याची लाज वाटत होती. तोंडात पदराचा बोळा घातला होता, तो दातांनी फाटला. नर्सबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "बघा गं हिच्याकडं. एक शब्द नाही. शिका जरा." आई ते ऐकून सगळ्यांना सांगत सुटली. सासरी येईपर्यंत ती गोष्ट माझ्याआधी पोचली होती. सून लई सोशीक, आवाज काढला न्हाय. मग मी कुणाला काय सांगणार? पुढे कित्येक महिने मूल रडलं की माझं पोट आतून थरथरायचं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सगळे हसले आणि मी मोरीत जाऊन उलटीचं निमित्त करून बसले.

या वेळी सोलापुरातच नाव घातलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आमच्याकडे आता कळा कमी करायची सोय आहे. पाठीत इंजेक्शन देतात, त्यातून औषध सोडत राहतात. दुखणं सोसवतं. दहा हजार जास्त लागतील, घरी विचार करा." हे बोलताना त्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या. दुखणं कमी आणि दहा हजार जास्त, दोन्ही एका दमात सांगितलं. माझ्या मनात लगेच आलं, दुखत नसलेल्या बाईलाही या असंच सांगत असतील.

आमचे मालक रिक्षा चालवतात, जुळे सोलापूर भागातली शाळेची मुलं ने-आण करतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू बघ."

ते दोन शब्द मला मुळीच आवडले नाहीत. घेतली आणि काही झालं तर मी बघितलेलं. नाही घेतली आणि काही झालं तरी मीच बघितलेलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुई न्हाय घ्यायची. पयल्या खेपेला घेतली व्हती का? निभावलं की."

"पैशाचं म्हणत असाल तर..."

"पैशाचं कोण बोलतंय? न्हाय घ्यायची म्हंजे न्हाय."

पैशाचं कोण बोलतंय असं म्हणणारा माणूस पैशाचंच बोलत असतो, असं मी धरून चालले.

मी कडक भाकरीच्या कामाला जाते. भाकरी केंद्र चालवणाऱ्या अक्कांच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही चौघी चार तव्यांपुढे बसतो. ही भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि आचेकडेला उभी करून कडकडीत होईपर्यंत ठेवायची. गाठोडं बांधून महिनाभर प्रवासाला नेली तरी बिघडत नाही. थापताना एक गुडघा वर, एक मांडी जमिनीला, आणि सगळा जोर कमरेतून हातात आणायचा. जिला बसवत नाही तिला अक्का काढून टाकत नाहीत, पण तिला पिशव्या भरायला देतात. त्याची मजुरी निम्मी. आमच्यातल्या एकीचं सिझर झालं होतं, पाठीत सुई दिली होती, आणि ती आता पिशव्याच भरते. माझी भीती ती होती. मालकांच्या रिक्षात हप्ता आणि गॅस भरून जे उरतं त्यात घरभाडं निघतं. दूध, शाळा, दवाखाना माझ्या कमरेवर चालतं. कमर गेली तर हे सगळं जाणार. आणि सुई नको म्हटलं तर तो पदराचा बोळा परत तोंडात.

पिशव्या भरणारीला मी एकदा धीर करून विचारलं, "सुईमुळंच झालं का गं?"

"मग काय देवीच्या कोपानं झालं?"

शेजारच्या तव्यावरची हसली. "घे गं तू सुई. तुझी जागा मला दे. दारातला वारा येतो तिथं, मी कधीची डोळा ठेवून हाय."

"यव्वा, गप बसा की," अक्का आतून ओरडल्या. त्या अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड बोलतात. मला तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. बाहेर येऊन म्हणाल्या, "तंगी, तू सुई घे. यांचं काय ऐकतीस?"

मी मान खाली घालून थापत राहिले. अक्का मला कशाला सांगतात, याचा विचार करत.

संशयाला कारण होतं. जुळे सोलापूरच्या एक बाई नवीन भाकरी केंद्र काढणार होत्या. मालकांच्या रिक्षात त्यांचा नातू बसतो. त्यांनी निरोप दिला होता की बाळंतपणानंतर आमच्याकडे ये, भाकरीमागे जास्त देऊ. मी कुणाला बोलले नव्हते. पण सोलापुरात असं काही लपत नाही.

सातव्या महिन्यात अक्कांनी घरी बोलावून माझी ओटी भरली. खण, नारळ, गहू, हळकुंड. पदर गच्च धरून घरी आले आणि देवापुढे सोडला, तर खणाच्या घडीत पाकीट. आत दहा हजार. घराबाहेर सुईचा आकडा मी फक्त कामावर बोलले होते.

आत्यांनी पाकिटातल्या नोटा मोजल्या. मग म्हणाल्या, "ओटीत आलेलं परत करायचं नसतंय. पर येवढं कुणी उगं देत न्हाय. बांधून घातलं तुला."

मलाही तेच वाटलं होतं. उचल म्हणून दिली असती तर मी नको म्हटलं असतं, किंवा फेडून मोकळी झाले असते. ओटी नाकारताही येत नाही आणि फेडताही येत नाही. हुशारी म्हणायची ती हीच. दुसऱ्या दिवशी सगळ्या जायची वाट बघून मी मागे थांबले.

"अक्का, ते पैसे उसने आहेत का?"

"ओटी कधी उसनी असतीय?"

"मग कशाचे?"

"सुईचे." आणि त्या भाकरीचे ढीग लावायला लागल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मला काही कळलं असतं. पण बघितलं नाही.

त्या आठवड्यात आत्या आणि मी एकमेकींशी नीट बोललो नाही. एका दुपारी त्यांनी आपण होऊन विषय काढला. माझे धाकटे दीर सिझरने झाले, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"पाठीत सुई दिली मला. तवापासनं वाकता येईना. माझी सासू चारचौघांत म्हणायची, ही कामातनं गेली. जेवायला बसले की भाकरी लांबनं सरकवायची. तुला काय ठावं, कामातनं गेलेल्या बाईला कसं वाढत्यात ते." पदराने नाक पुसलं आणि वर मलाच म्हणाल्या, "पैशाचं म्हणं! पैशाचं असतं तर बोलले नसते व्हय?"

मला फार वाईट वाटलं. आत्यांवरचा संशय गेला, पण सुईवरचा दुप्पट झाला. आता पिशव्या भरणारी एक आणि आत्या दुसऱ्या.

पुढच्या तपासणीला आत्या बरोबर आल्या. भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी आले होते, डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाठवलं. तरुणच होते. "काही विचारायचंय का?" म्हणाले. सगळे असं विचारतात आणि आपण नाही म्हणायचं असतं. मी नाही म्हणाले. दारापर्यंत गेले. मग परत फिरले.

"मला बसून भाकरी करता येईल का नंतर?"

त्यांना कळलं नाही. "भाकरी? येईल की."

"तशी नाही. दिवसभर." कसं सांगावं ते सुचेना. पोट सांभाळत मी तिथेच फरशीवर बसले, एक गुडघा वर केला आणि हात चालवून दाखवले. आत्या दारातून म्हणाल्या, "अगं ऊठ, कुटं बसतीस!" माझे कान तापले होते, पण मी उठले नाही. डॉक्टर खुर्चीवरून उतरून माझ्या बाजूला आले आणि कमरेकडे बोट करून म्हणाले, "आता इथं दुखतं का?"

"संध्याकाळी दुखतं."

"सुई न घेताच दुखतं ना?"

मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं की टोचल्या जागी काही दिवस ठणकतं. एखादीचं डोकं धरतं, त्याला इलाज असतो. क्वचित कुणाला याहून जास्त त्रास होतो, तोही त्यांनी सांगितला. "कमर कायमची जाते असं या सुईनं होत नाही. पण काहीच होणार नाही असं मी लिहून देणार नाही."

आत्या आत आल्या. "माझी गेली की मग!"

"सिझरनंतर किती दिवसांनी कामाला लागलात, मावशी?"

"बारसं झालं, दुसऱ्या दिशी ज्वारी काडायला मळ्यात. सुगी व्हती. न जाऊन सांगणार कुणाला?"

"टाके घेऊन? वाकून?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर डोक्यावर ओढून बाहेर पडल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "गोड बोलतोय. पैशे त्यालाच मिळणार हायत." सात रस्ता चौकात गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा पुन्हा, अगदी हळू, "दुसऱ्या दिशी गेले व्हते गं मी."

पैसे त्यालाच मिळणार होते, हे माझ्याही मनात आलं होतं. पण काहीच होणार नाही असं तो म्हणाला नव्हता. बाकी सगळे खात्रीने बोलत होते, घे म्हणणारेही आणि नको म्हणणारेही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं नाही. एवढंच, की त्याच्यावरचा संशय सगळ्यात कमी होता.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी ठरवलं होतं की सोसवेल तोवर सोसायचं. दुपारी शेजारच्या खाटेवरची बाई आईच्या नावाने ओरडत होती आणि मी पदराचं टोक हातात गोळा करते आहे, हे माझ्याच लक्षात आलं. तेव्हा मी नर्सबाईंना हाक मारली. पहिल्यांदा हाक फुटलीच नाही. दुसऱ्यांदा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेली. "मला सुई पाहिजे."

तेच डॉक्टर आले. "पाठ बाहेर काढून, वाकून बसायचं. हलायचं नाही." मला जमेना. मग ते म्हणाले, "भाकरी थापायला वाकता तशी कमर वाकवा." मी उशी पोटाशी धरून वाकले. ती कमर बरोबर कशी ठेवायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

औषध चढेपर्यंत मला वाटत होतं की फसवलं. मग पाय जड झाले. कळ येत होती ते कळत होतं, पोट दगड व्हायचं, पण ती कुणीतरी बाहेरून दाबल्यासारखी. संध्याकाळी मुलगा झाला. रडला तेव्हा माझं पोट थरथरलं नाही. मी त्याच्याकडे नीट बघू शकले.

बाहेर आत्या आल्यागेल्याला सांगत होत्या, "सुई घेतली की हिनं. आपणहून मागितली." त्या कौतुकाने सांगत होत्या की तक्रार करत होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्यांनी मला सव्वा महिना झाल्यावरही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. वाकायचं काम दिसलं की आधीच उठायच्या. स्वतःची कमर धरून माझी बादली उचलायच्या. पुढे तीन महिने झाले तेव्हा मी अक्कांकडे तव्यापुढे बसले. सगळ्या बघत होत्या. पहिली भाकरी थापली, दुसरी थापली. संध्याकाळी कमर दुखली.

"बघ, दुखली का न्हाय?" पिशव्या भरणारी म्हणाली.

"आधीही दुखायची," मी म्हणाले. तरी घरी जाऊन आरशाकडे पाठ करून ती टोचलेली जागा शोधली. काही दिसत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस कमर जरा जास्त दुखली की हात तिथे जायचा. हळूहळू जायचा थांबला. दारातली जागा माझ्याकडेच राहिली.

आता राहिले पैसे. सुईला ओटीतलेच भरले होते. मजुरीतून कापून घ्या म्हटलं तर अक्का हात झटकायच्या. "ओटीला हात लावू नको, तंगी." जुळे सोलापूरच्या बाईंचा निरोप पुन्हा आला. जायचं की नाही हे मी ठरवणार होते, पण ते पैसे अंगावर असेपर्यंत मला ठरवताच येत नव्हतं. राहिले तर बांधलेली म्हणून, गेले तर बेइमान म्हणून. मी ज्वारीच्या पिठात एक डबी पुरून ठेवली आणि दर आठवड्याला तिच्यात टाकत गेले. मालकांनी मला एकदा टाकताना पाहिलं. पुढच्या वेळी बघितलं तर त्यात मी न टाकलेल्या नोटा होत्या.

यंदा अक्कांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी आत्यांना घेऊन ओटी भरायला गेले. खण, नारळ, गहू, हळकुंड, आणि खणाच्या घडीत तेच पाकीट, जपून ठेवलेलं, डबीतले दहा हजार घालून. लेकीचा पदर जड झाला तसं अक्कांनी वाकून पाकीट ओळखलं.

"तंगी, हे काय?"

"सुईचे," मी म्हणाले. या वेळी मी त्यांच्याकडे बघितलं. "ओटी परत करत नसतात, अक्का."

अक्का लेकीकडे बघत राहिल्या. मग एकदम हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. "आता जाशील व्हय तिकडं?"

म्हणजे जुळे सोलापूरचं त्यांना ठाऊक होतं. माझा संशय अगदीच खोटा नव्हता. पण लेकीचा पदर त्यांनी आपल्या हाताने घट्ट धरला होता, आणि तिला हळूच कन्नडमध्ये सांगत होत्या की भिऊ नको, पाठीत सुई असते, हिला विचार.

मी जाईन की राहीन ते सांगितलं नाही. लेकीशेजारी बसले, तिने विचारलं ते सगळं सांगितलं, आणि आम्ही दोघी सासू-सुना चालत घरी आलो. पैसे पुरे फिटले.