गालाचा सत्कार

शाळेतल्या मास्तरांच्या सोडल्या, तर आयुष्यात मला एकच थप्पड बसली. ती समोरच्या शेजाऱ्यांनी मारली. सकाळी साडेनऊला, भर गल्लीत, पेढे खात असलेल्या दहा-बारा माणसांसमक्ष.

शेजाऱ्यांनी नवी चारचाकी घेतली होती. त्यांचा दुधाचा व्यवसाय. पहाटे चारला उठून कमावलेली गाडी, तेव्हा आनंद रास्तच होता. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकांखाली लिंबं, आरशांना झेंडू. फक्त एवढी मोठी गाडी त्यांच्या दारात मावत नव्हती, म्हणून ती माझ्या फाटकाला टेकून उभी होती आणि माझी स्कूटर आत अडकली होती. शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मी तीस वर्षं प्रूफं तपासतो. कामावर वेळेत पोचणे ही माझी एकुलती एक प्रतिष्ठा. "गाडी जरा पुढं घेता का?" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारणाऱ्या माणसाला स्वतःचं एखादं बरं वाक्य सुचलं की ते गिळवत नाही.

मी म्हणालो, "आप्पा, गाडी झकास. पण घेताना विचारायचं नाही का, गाडीबरोबर जागापण देता का म्हणून?"

पाहुणे हसले. शेजाऱ्यांचे साडू जरा जास्तच हसले. माझ्या मते थप्पड साडूंची होती, पण जवळ मी होतो.

चष्मा उडाला. माझ्या एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात प्रूफांचा गठ्ठा. शेजारी स्वतःच्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो हात कुणी उसना नेला होता आणि आत्ताच परत आणून दिला. मी चष्मा उचलला आणि चालत छापखान्यात गेलो. द्यायला हवं होतं ते उत्तर मला अकराच्या चहाच्या वेळी सुचलं. फार चांगलं होतं, पण समोर फक्त बाइंडर होता.

मी उलट हात उचलला नाही, एवढं खरं. त्याचं कारण म्हणजे हात मोकळे नव्हते, शेजारी सहा फुटांचे आहेत आणि मी घाबरलो होतो.

संध्याकाळी मेव्हणा आला. बायकोनं फोन केला असणार.

"व्हय दाजी, त्यानं मारलं आन् तुम्ही निस्तं बघत ऱ्हायला?"

"बघत नव्हतो. चष्मा पडला होता."

"चेष्टा नगा करू. चार पोरं घिऊन येतो. निस्तं हुबं ऱ्हातील, बोलायचंपण न्हाईत."

"आपल्यात असं करत नाहीत," बायको म्हणाली. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि माहेर-सासर मिळून तिला बायबलची वचनं माझ्यापेक्षा जास्त पाठ.

"ताई, दुसरा गाल बिल देवळात ठीक हाय. हितं कोल्हापुरात दुसरा गाल फुडं केला, तर त्यावरबी वडतील आन् वर इचारतील, तिसरा हाय काय!"

तो चहा पिऊन गेला. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. मार फारसा लागला नव्हता. पण आपण भित्रे आहोत हे मेव्हण्याच्या तोंडून ऐकायला पन्नाशीनंतर जड जातं.

बायकोनं महिला मंडळात प्रार्थनेसाठी हा विषय दिला. आमच्या चर्चच्या मंडळीत बातमी पसरवायची ही सर्वांत भरवशाची पद्धत. रविवारी उपासना संपल्यावर पंचकमिटीचे सेक्रेटरी हात पसरून आले.

"सलाम, सलाम! काय साक्ष दिलीत हो! आम्ही नुसतं वाचतो, तुम्ही करून दाखवलंत."

"अहो, मी काही केलंच नाही."

"तेच तर! काही न करणं हेच अवघड असतं!"

सेक्रेटरी मनानं चांगले. त्यांना फक्त सत्काराचं व्यसन आहे. आमच्याकडे वर्षाला बाप्तिस्मे होतात त्याहून जास्त सत्कार होतात. गायनाच्या कीबोर्डमध्ये नवी बॅटरी घालणाऱ्याचाही झालेला आहे. त्यांनी पुढच्या रविवारी दहाला माझा सत्कार ठरवला. मी "कशाला, कशाला" म्हणालो, पण ज्या सुरात म्हणालो त्या सुराचा अर्थ महाराष्ट्रात सगळ्यांना कळतो. आठवडाभर भित्रा म्हणून वावरल्यावर कुणी फुकटात संतपद देत असेल, तर नको म्हणायला माणूस खरोखरच संत असावा लागतो.

गुरुवारी दुपारी फोनवर मजकूर आला. फ्लेक्सचा. खाली सेक्रेटरींचा निरोप: "तुमच्यासारखा तपासणारा नाही, नजर टाका." म्हणजे माझ्याच सत्काराचं प्रूफ माझ्याकडे. मजकूर असा होता: 'भर रस्त्यात शेजाऱ्याचा हात गालावर पडला असता, प्रेमाने दुसरा गाल पुढे करणारे आमचे लाडके बंधू यांचा भव्य सत्कार.' वर माझा फोटो, मागे उगवता सूर्य.

मी चार चुका काढल्या, एक स्वल्पविराम हलवला आणि उत्तर पाठवलं: "बाकी ठीक."

दुसरा गाल मी पुढे केला नव्हता. तो जागच्या जागी होता. शिवाय उजव्या हाताची थप्पड डाव्या गालावर बसते आणि वचनात उजवा गाल सांगितला आहे, म्हणजे नियमानं पाहिलं तर माझं प्रकरण पात्रच नव्हतं. पण मजकूर खरा की खोटा, तो कुणाला लागेल, हे पाहणं प्रूफवाल्याचं काम नाही. तसं पाहायला लागलो असतो तर पहिल्याच निवडणुकीत माझी नोकरी गेली असती. तीस वर्षांत डोळ्यांना सवय लागली आहे. अक्षरं दिसतात, वाक्य दिसत नाही.

शनिवारी पाचला परतलो तेव्हा तो फ्लेक्स गल्लीच्या तोंडावर होता. चर्चच्या फाटकावर एक लावला आणि फ्लेक्सवाल्यानं जोडीला दुसरा सवलतीत दिला, म्हणून सेक्रेटरींनी तो प्रेमानं इकडे पाठवला होता. विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, सहा बाय आठचा. खाली चार माणसं उभी राहून मोठ्यानं वाचत होती.

"शेजारी म्हंजे कोन, दूधवालं आप्पा?"

"मग काय तर! पेढं खायला मीच हुतो की."

"हे धर्माचं काय काढलंय का?"

प्रकरण दोन धर्मांचं नव्हतं, एका चारचाकीचं होतं. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की फोटो बरा आलाय. दुसरा विचार आला तो आणखी गोड होता: बघा म्हणावं आता.

घरी आलो तर मागच्या दारी शेजारच्या वहिनी उभ्या. पदर तोंडाशी धरलेला. बायकोनं त्यांना पाट दिला, पण त्या बसल्या नाहीत.

"भावजी, उद्या साडेधाला जयसिंगपूरचं पावणं येनार हायती. पोरगीला बघायला."

मी डबा खाली ठेवला.

"गल्लीत शिरताना पयला त्योच फलक दिसनार. कोन शेजारी, कशापायी मारलं, इचारल्याबिगर ऱ्हातील व्हय? मारकुट्याच्या घरची पोरगी कोन करनार?"

"आप्पांनी पाठवलं तुम्हाला?"

"न्हाय ओ. त्यास्नी कळलं तर मलाच बोलतील. दुपारधरनं जेवल्यालं न्हाईत. काढून टाकतो म्हनून कोयता घिऊन निघालतं, मीच आडवी झाले. फाडला तर लोक म्हनतील, बघा, परत मारलं."

त्यांची मुलगी हातकणंगल्याला एका शाळेत शिकवते. माझ्याकडून पुस्तक नेऊन सांगितलेल्या दिवशी परत आणणारी या गल्लीतली ती एकमेव व्यक्ती. तिचं लग्न दोन ठिकाणी जमता जमता मोडलेलं होतं, हे गल्लीला माहीत होतं, म्हणजे मलाही माहीत होतं.

वहिनी गेल्यावर मी खुर्चीत बसलो. बायको पाट उचलून आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी उलट हात उचलला नव्हता म्हणून माझा सत्कार होता, आणि त्याच सत्कारानं मी असा काही फटका हाणला होता की समोरच्या घरातलं जेवण बंद झालं होतं. चार रंगांत, शुद्धलेखन तपासून. शिवाय माझा मार आप्पांवर नव्हे, मुलीवर पडणार होता. आप्पांच्या थप्पडीत निदान पूर्वतयारी नव्हती.

सेक्रेटरींना फोन लावला.

"फ्लेक्स काढा. गल्लीतला आधी. आणि सत्कार रद्द."

"अहो, असं कसं? पाळकसाहेबांनी संदेश त्यावरच बसवलाय. शाल आणली. महिला मंडळाची बिर्याणी ठरली."

"बिर्याणी ठेवा. मला काढा."

"हा तुमचा नम्रपणा मी उद्या मुद्दाम सांगणार..."

"काही सांगू नका! मी घाबरलो होतो म्हणून मारलं नाही. हे हवं तर सांगा."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे असं उपासनेत सांगता येत नाही हो." आणि थोड्या वेळानं, "चर्चवरचा मी काढतो. पण तुमच्या गल्लीतला काढायला फ्लेक्सवाला सोमवारशिवाय येत नाही."

रविवारी सकाळी सहाला मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणि भाजीची सुरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो. फ्लेक्सवाल्यांनी तारेनं असा आवळला होता, जसा काही तो पुराच्या पाण्यात टिकवायचा होता. भाजीची सुरी तारेवर चालत नाही, हे मला स्टुलावर चढल्यावर कळलं. मी एका खांबाला मिठी मारून उभा, समोर माझाच भलामोठा चेहरा सूर्यासकट हसतोय, आणि मागून आवाज आला.

"आनी एक लावताय व्हय?"

आप्पा होते. दुधाचा रतीब घालून येत होते, मोटरसायकल कडेला लावलेली, दोन्ही हातांत रिकाम्या किटल्या.

"काढतोय," मी म्हणालो.

ते बघत राहिले. मी तार ओढली. स्टूल हललं.

"सुरीनं न्हाय निघत त्ये. उतरा खाली." त्यांनी किटल्या ठेवल्या, मोटरसायकलच्या डिकीतून पक्कड आणली. "आन् खालची तार आदी सोडू नगा, समदा अंगावर यील."

त्यांना स्टूल लागलंच नाही. चार ठिकाणी पक्कड फिरवली, फ्लेक्स खाली आला. दोघांनी मिळून गुंडाळला. माझा चेहरा आतल्या बाजूला जाईल अशी गुंडाळी त्यांनी केली. मुद्दाम की सहज, मी विचारलं नाही.

"त्या दिवशी पावनं हुतं म्होरं," ते गुंडाळीकडे बघत म्हणाले. "साडू हसला आन् डोस्कंच फिरलं बगा."

"मी बोलायला नको होतं."

"बोल्ला त्ये खरंच हुतं की. खोटं असतं तर कशाला लागलं असतं?"

मी स्टूल उचललं.

त्यांनी गुंडाळी खांद्यावर घेतली. "गोठ्यात कडब्यावर टाकतो," म्हणाले. चार पावलं गेले आणि वळले. "साडेधाला मोकळं हायसा? आमच्यात बोलनारं कोन न्हाय. साडूला बोलावल्यालं न्हाय मी. शिकल्यालं एक मानूस बसाय पायजे."

मी हो म्हणालो. बायको एकटीच चर्चला गेली.

जयसिंगपूरचे पाहुणे सहा जण आले. मुलाचे वडील अडत दुकानात मुनीम होते. मोजकं बोलणारे, पण डोळे सारखे फिरत होते. पोहे झाले, मुलगी आली, शाळेचं काय काय विचारून झालं. ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही शेजारी म्हणजे किती वर्षांचे?"

"बावीस."

"मग माणसं कशी आहेत? खरं सांगा हं. शेजाऱ्याला सगळं ठाऊक असतं."

आप्पांनी भरलेली कपबशी तशीच खाली ठेवली. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सगळं सांगायचंही नव्हतं. तपासलेल्या हजारो पानांतलं एकही वाक्य मदतीला आलं नाही.

"तापट आहेत," मी म्हणालो. "आमचं एकदा वाजलंही. चूक सुरुवातीला माझी होती. पण आज सकाळी सहाला मी अडचणीत होतो तेव्हा हातातलं काम टाकून तेच आले. आणि मुलगी म्हणाल, तर तिला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत येते. एवढं मी माझ्या घरच्यांबद्दलही सांगू शकत नाही."

मुनीम हसले. मोजकंच, पण हसले. म्हणाले, "तापट तर आम्हीपण आहोत."

दुपारी बायको बिर्याणीचा डबा घेऊन आली. सत्कारमूर्ती नसल्यामुळे सत्कार फार छान झाला म्हणाली. पाळकसाहेबांनी पाच मिनिटांत संदेश आटोपला, आणि शाल वाया जाऊ नये म्हणून सेक्रेटरींनी ती पेटीवाल्यांना घातली.

मी बिर्याणी खाल्ली आणि खिडकीपाशी बसून राहिलो. पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. समोर फोन वाजला तर इथे ऐकू येतो. चार वाजले, पाच वाजले. बायको म्हणाली, "असे काय बसलाय, मुलगी आपली आहे का?" मी म्हणालो, उजेड चांगला आहे.

सहाच्या सुमारास समोरचं दार उघडलं. वहिनी पायांत चप्पल न घालताच रस्त्यावर आल्या आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या.

"भावजी! पसंत हाय म्हनाले!"

मी उठलो आणि दार उघडलं. वहिनी उंबऱ्यावर आल्या, बायकोच्या गळ्यात पडल्या, दोघी रडल्या. पलीकडे आप्पा दारात उभे होते. वहिनींनी मागे वळून त्यांना हाक मारली, "आता तरी जेवा की ओ!" ते आत गेले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या स्वयंपाकघरातून ताटलीचा आवाज आला.