मागून आलेली हाक

जपानला निघायला सहा दिवस उरले होते आणि मला पाण्यात पाय घालवत नव्हता. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. आणि शर्यत होती जपानच्या एका बेटावर, तिथं पोहायचं होतं ते उघड्या समुद्रात. मी बारामतीचा, लोणी देवकरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. चौकात माझा फ्लेक्स लागला होता. मधोमध हेल्मेट घातलेला मी, भोवती हात जोडलेली पुढारी मंडळी आणि कोपऱ्यात एवढासा दत्ता, त्याच्या फोटोखाली ‘तुझे स्वप्न पूर्ण करू’. तो फ्लेक्स दिसू नये म्हणून मी रोज वळसा घालून घरी जायचो.

दत्ता कऱ्हाटीचा, माझा सरावातला जोडीदार. शर्यतीला नाव आम्ही दोघांनी एकाच दिवशी नोंदवलं होतं. दर रविवारी सकाळी उजनी धरणाच्या फुगवट्यात पोहायचो. तीन महिन्यांपूर्वी पाण्याखाली अडकलेल्या एका जुन्या जाळ्यात त्याचा पाय गुंतला आणि तो गेला. मी पन्नासेक हात पुढे होतो. पोलिसांना, गावाला, त्याच्या आईला मी एकच सांगितलं, की कान पाण्यात होते, काही ऐकू आलं नाही.

ते खोटं होतं. हाक मला ऐकू आली होती, एकदा नव्हे, दोनदा. पण दत्ताची एक खोड होती. मी पुढे गेलो की मागून माझ्या नावानं ओरडायचा, मी वळलो की खी खी करत पुढे सटकायचा. त्या दिवशी मी चांगलाच पुढे होतो. म्हटलं, ओरड लेका, आज नाही फसायचा. आणि मी हात आणखी जोरात मारले. वळून पाहिलं तेव्हा पाणी नुसतं सपाट होतं.

आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नृसिंह. लेकराच्या एका हाकेसरशी खांब फोडून धावलेला देव तो, आणि मी असला. त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? तीन महिने गेलोच नव्हतो. पण त्या सहा दिवसांत झोप उडाली, अन्न तुरट लागायला लागलं, तेव्हा बायकोनं बळेच पाठवलं. गाभाऱ्यासमोर मान वर करवली नाही. नवस बोललो नाही, माफीही मागितली नाही. एवढंच म्हणालो, “माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ.” आणि प्रसादाला न थांबता परत आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. आपण होऊन त्याच काठावर गेलो. छातीपर्यंत पाणी आलं आणि पुढचं पाऊल पडेना. कसाबसा मागे फिरलो, काठाच्या चिखलात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. एक म्हातारा मासेमार थोड्या अंतरावर होडी ओढून उभा होता. तो हळूहळू जवळ आला.

“पाव्हणं, त्या बुडाल्याल्या पोराबरूबर तुमीच हुता न्हवं?”

मी मान हलवली.

“मी तवा तितं बाभळीखाली जाळं शिवत हुतो. हाक ऐकली मी. म्हनलं, पोरं चेष्टा करत्यात. उठलो न्हाय.” तो पाण्याकडे बघत होता. “तवापास्नं ह्या अंगाला जाळं टाकलं न्हाय. आज हिकडं का आलो, माझं मलाच ठावं न्हाय.”

“तात्या, मीही ऐकली होती,” मी म्हणालो. ते शब्द पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडले होते. म्हातारा माझ्या शेजारी चिखलातच टेकला.

उठताना तो म्हणाला, “त्येच्या आईला सांगा. मला त्यांचं घर ठावं न्हाय. तुमाला हाय.”

निघायचा दिवस आला. विमानतळाच्या वाटेवरच कऱ्हाटी. सायकलचं खोकं बांधलेली गाडी रस्त्यावर उभी केली आणि मावशींच्या, म्हणजे दत्ताच्या आईच्या, दारात गेलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दोन्ही हाका सांगितल्या, मी का वळलो नाही तेही सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

त्या वाटी घेऊन आल्या आणि माझ्या तळहातावर दही-साखर घातली. दत्ता प्रत्येक शर्यतीला निघताना त्याच्या हातावर घालायच्या, तशीच. डोळे कोरडे होते. “खा,” एवढंच म्हणाल्या. माफ केलं, असं म्हणाल्या नाहीत. मी हात चाटला, “येतो” म्हणालो आणि निघालो.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन मानतात. मावशी तर याबाबतीत भारी कडक. दत्ता डबा विसरला तरी धावत त्याच्या पुढे जाऊन आडव्या उभ्या राहायच्या, पण हाक म्हणून मारायच्या नाहीत. मी फाटकाशी पोचलो आणि मागून माझ्या नावानं हाक आली. चांगली मोठ्यानं, शेजारची बाई दारात यावी इतकी.

मी गर्रकन वळलो. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात काही नव्हतं.

“काय न्हाय,” त्या म्हणाल्या. “वळतुयास का बघितलं. जा आता.”

शर्यतीचं विचाराल, तर समुद्रात मी तीनदा थांबून मागे पाहिलं आणि पोहण्याची ठरलेली वेळ संपता संपता कसाबसा काठाला लागलो. त्या म्हाताऱ्याला त्या सकाळी तिकडे कुणी आणलं, मला माहीत नाही, आणि त्यावर मी वादही घालत नाही. ओझं माझ्यानं पेलत नाही असं मी कबूल केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला दुसरा खांदा लागला, एवढं खरं. आता नरसिंहपूरला गेलो की मान वर करून बघतो, काही मागत नाही. कऱ्हाटीलाही जातो. निघताना मावशी अजून मागून हाक मारतात आणि मी दर वेळी वळतो.