लाईन खाणारी माणसं

माणसांचे दोनच वर्ग आहेत, असं माझ्या थोरल्या मामांचं ठाम मत आहे: लाईन खाणारे आणि लाईन वाचवणारे. वर्ग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शोषक आणि शोषित उभे राहतात, कारण आमच्या घरात पाळण्यातल्या पोरांनाही चळवळीची पत्रकं वाचून दाखवत झोपवायचे. मामांनी मात्र आयुष्यात एकही पत्रक शेवटपर्यंत वाचलं नाही. त्यांची सगळी विचारसरणी एका खोलीत तयार झाली. शहरातल्या एका सरकारी कचेरीत व्हीसीची, म्हणजे गावोगावच्या लोकांशी पडद्यावरून बैठका घ्यायची खोली होती. तिथं बारा ठिकाणांना एकाच वेळी भिंतीवरच्या चौकटींत आणून बसवायचं काम मामांनी कित्येक वर्षं केलं. बारा ठिकाणांना मिळून चित्र आणि आवाज वाहून आणणारी लाईन एकच. "टाकी एक, नळ बारा," मामा सांगायचे. "एकानं तोटी पूर्ण सोडली की बाकीचे कोरडे. मग चेहऱ्याचे चौकोन चौकोन होत्यात अन् आवाज आडातून आल्यावानी येतो."

जे हलतं ते लाईन खातं, हा त्यांचा मूलमंत्र. चित्रात हालचाल जितकी जास्त, तितकी लाईन जास्त लागते. त्यामुळं पंखा, वाऱ्यावर उडणारा पडदा आणि खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड हे त्यांचे जन्माचे वैरी. चौकडीचा शर्ट नुसता बसल्या बसल्या लाईन खातो, म्हणून त्याच्यावर तर विशेष राग. ऐन एप्रिलात ते माईकवरून फर्मान सोडायचे, "पैठण, पंखा बंद करा." पैठणच्या चौकटीतली माणसं घामाघूम व्हायची. एकानं बिचाऱ्यानं रुमाल काढला, तर मामा म्हणाले, "पुसू नका साहेब, रुमाल लई लाईन खातो."

हा छंद कचेरीत राहिला असता तर ठीक होतं. पण लग्नाच्या पंगतीतही मामा पाहुण्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे: "काय वैजापूर, जेवलात का?" छावणीतल्या त्यांच्या घरी मामी स्वयंपाकघरात असली की तिचं नाव उपकेंद्र. एकदा त्यांनी बैठकीतून आवाज दिला, "उपकेंद्र, चहाचं काय झालं?" आतून उत्तर आलं, "उपकेंद्र बंद हाय. मुख्यालयानं उठून करून घ्यावा." मामांनी निमूट केला. घरात भांडण लागलं की ते हात वर करून म्हणत, "आवाज चढवला म्हणून मोठी चौकट मिळत नसते." यंत्रात तशी सोय खरं तर होती. जो मोठ्यानं बोलेल त्याचं चित्र आपोआप मोठं व्हायचं. मामांनी ते बटण कधी चालू केलं नाही. "ही सोय कुण्या भांडखोराच्या घरात निघाली आसंल," म्हणायचे. नळाला पाणी यायच्या दिवशी गल्लीतही त्यांचा हाच कायदा: शेवटच्या घराचा हंडा आधी. पाण्याचा हक्क आमच्या घरात कुणाला शिकवावा लागत नाही.

त्या मामांची आणि माझी खरी ओळख झाली ती पाचोडला. तिथल्या एका धनगर वस्तीच्या टाकीचं पाणी खराब होतं. गयाबाई नावाची मेंढ्या राखणारी बाई त्याची तक्रार घेऊन हिंडत होती, आणि वस्तीतली पोरं एकामागून एक जुलाबानं आजारी पडत होती. मी तिच्या बाजूनं एक जळजळीत पत्रक काढलं. त्यात धिक्कार हा शब्द अकरा वेळा होता. एकाही साहेबानं ते वाचलं नाही. शेवटी व्हीसीवर सुनावणी लागली, तेव्हा मी गयाबाईला घेऊन पाचोडच्या केंद्रात बसले. तिच्या हातात त्या पाण्याची बाटली होती.

पडद्यावर शहरातले साहेब होते आणि मुंबईचे त्याहून मोठे साहेब. मोठ्या साहेबांच्या मागं रेशमी पडदा फडफडत होता. आमची चौकट इतकी पुसट की बाटली म्हणजे नुसता पांढरा ठिपका.

"सायेब, मेंढरं तोंड लावीनात ह्या पाण्याला," गयाबाई म्हणाली. "अन् आमची लेकरं पेत्यात."

"बाई, समोर दिसतंय की. पाणी स्वच्छ आहे," शहरातले साहेब म्हणाले. "चला, पुढचं गाव घ्या."

तेवढ्यात मामांचा आवाज आला, "पाचोड, थांबा. पंखा बंद करा." मी उडी मारून बटण दाबलं. "चौकडीची ओढणी, बाजूला व्हा." ती मीच. सख्खी भाची, पण त्या घटकेला नुसती लाईन खाणारी ओढणी. "अक्का, बाटली हातात नको, टेबलावर ठेवा. मागं कोरा कागद धरा."

कोरा कागद कुठला? माझ्याकडं पत्रकंच होती. त्यांची मागची बाजू कोरी होती, तीच धरली.

मग मामांनी एकेक तोटी आवळली, तशी एकेक चौकट पुसट होऊ लागली. बाकीची ठिकाणं धूसर झाली. शेवटी मुंबईचे मोठे साहेब रेशमी पडद्यासकट चौकोन चौकोन झाले, आणि आमची बाटली पडदाभर मोठी झाली. पिवळं पाणी. त्यात दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळत होते. जे हलतं ते लाईन खातं. त्या दिवशी मामांनी सगळी लाईन त्या किड्यांना खाऊ घातली.

आठवड्यात टाकी धुऊन निघाली, महिन्याभरात नवी पाईपलाईन आली. आणि मामांना नोटीस आली: वरिष्ठांचं चित्र विनापरवानगी अस्पष्ट का केलं? मामांनी उत्तर दिलं, "लाईन एक होती. दाखवण्यासारखं पाचोडकडं होतं." त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्या खोलीत आता ते बटण चालू असतं. मोठ्यानं बोलणारा मोठा दिसतो.

मी पेटून उठले. म्हटलं, "मामा, ह्याच्यावर पत्रक काढते."

"काढ की," मामा म्हणाले. "फक्त मागची बाजू कोरी ठेव."

आता मी पुण्यात असते. रविवारी दुपारी मामांचा व्हिडिओ कॉल येतो. "पुणे, आवाज येतोय का?" ऐन मे महिन्यात त्यांच्या मागचा पंखा बंद असतो. पांढरा सदरा घालून ते पुतळ्यासारखे बसलेले असतात, कपाळावरून घाम ओघळत असतो आणि हात मांडीवरून हलत नाही. मी ओरडते, "मामा, पंखा लावा हो! आता लाईन भरपूर असते."

"असू दे," ते म्हणतात. "माझं काय बघायचंय? तू नीट दिसली पाहिजेस."

मग मीही उठते आणि माझा पंखा बंद करते.