दोन फणांमधलं अंतर

१९९९ साल. मी एकसष्ट वर्षांचा सुतार होतो आणि माजलगावात माझ्या हातची तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, हवी असली, तर लोक पेरणीच्या दोन महिने आधी सांगून ठेवत. शाळा दुसरीपर्यंत. तिफणीला तेवढी पुरते.

पोरगा कॉम्प्युटर शिकून आला आणि पुढच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर एक सांगाडा बांधू लागला. त्या सांगाड्यावर दुसऱ्यांनी आपापले प्रोग्राम उभे करायचे. दुसरे म्हणजे एकच, अंबाजोगाईचे एक मास्तर. कॉलेजच्या ग्रंथालयाचं सगळं काम त्यांनी त्यावर चढवलं होतं. एका दुपारी ते एसटीने आले ते तापूनच.

"तुम्ही परत बदललंत! माझं ग्रंथालय तिसऱ्यांदा बंद. आता तुमचा सांगाडाच नको."

"सर, अजून काम चालू आहे. बदल होणारच," म्हणत पोरगा त्यांना चहाला घेऊन गेला.

एकच गिऱ्हाईक, तेही निघालं. मी पेचकस घेतला, खोलीच्या दाराची बाहेरची, वरची कडी काढली, खाली गुडघ्यापाशी बसवली आणि दार बाहेरून लावलं.

दोघं परतले. पोरगा वरची चौकट चाचपत राहिला.

"अप्पा, कडी कुठंय?"

"काम चालू हाय बे. बदल होणारच."

मास्तर हसले. पोरगा नाही. "मग काय, काही सुधारायचंच न्हाई का?"

"लई सुधार. मी बाभळ सोडून सागवान घातलं, कुणी विचारलं न्हाई. पण दोन फणांमधलं अंतर तेच. कावून? शेतकऱ्याचं तण काढायचं कोळपं त्याच मापाचं हाय, ते ओळींमधून चालतं. अंतर हललं, की तण ऱ्हातं आन पीक उपटतं. हलवायचंच असंल, तर एक हंगाम आधी सांग, आन तवर जुन्या मापाची तिफण बी देत ऱ्हा."

हे शहाणपण कुठून आलं ते मी सांगितलं नाही. तरुणपणी सुधारणा म्हणून मी अंतर दोन बोटं वाढवलं होतं, आणि एकाने कोळप्याखाली आलेली ज्वारी आणून माझ्या ओट्यावर रचली होती. आवाज ऐकून बाहेर आलेल्या बायकोला ते पक्कं आठवत होतं. ती तोंड उघडणार तोच मी डोळे वटारले.

पोराने कागद घेतला. काय बदलणार नाही ते एका बाजूला, काय बदलू शकेल ते मागे. मास्तरांनी पुढची बाजू दोनदा वाचली, स्वतःच्या दोन ओळी घातल्या.

"एवढं पाळलंत तर राहतो," म्हणाले, आणि कागद खिशात घालून संध्याकाळच्या एसटीने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून नवी कडी आणून वर, जुन्या जागी बसवली. खालची काढली नाही. बायको बुटकी, तिला एका दुपारीतच खालच्या कडीची सवय झाली होती.