गुरुजी पट मोजतात

आमच्या ग्रुपमध्ये कुणाचे आईबाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले, की जाताना त्यांच्या बॅगा जड होतात आणि आमच्याकडे किस्से साचतात. ट्युलिप आणि पवनचक्क्या ज्याच्या त्याने दाखवायच्या, हेगची डच संसद माझ्याकडे. राज्यशास्त्र शिकून मी झुइडास या बँका-कंपन्यांच्या भागातल्या एका ऑफिसात डेटा साफ करते. लोकशाहीवर बोलायला मला शनिवारच मिळतो.

आजवर बरेच आईबाबा फिरवले. विसरता येत नाहीत ते मंदारचे बाबा. त्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणायचो. भोरच्या डोंगरातल्या एका वाडीवरची शाळा त्यांनी सव्वीस वर्षं एकट्याने चालवली आणि नुकतेच रिटायर झाले. पटावर मुलं उरली होती चौदा. वीसच्या आत पट म्हणून शाळा बंद होणार, अशी कुणकुण होती.

*

गुरुजींना माणसं मोजायची सवय. त्या शनिवारी झुइड स्टेशनवर हेगच्या गाडीत चढल्या चढल्या त्यांनी मंदार, त्याची बायको मुग्धा आणि मी, असे तिघे मोजले. "तीन. बसा."

"बाबा, स्वतःला धरलं नाहीत," मुग्धा म्हणाली.

"मास्तर पटावर नसतो."

*

तळ्याकाठची जुनी संसद, म्हणजे बिनेनहॉफ, परांच्यांनी झाकलेली. वर क्रेन. मी ओशाळून सांगितलं, "शेकडो वर्षांची इमारत आहे, दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद ठेवलीये."

"मग संसद भरते कुठे?"

"इथेच जवळ, दुसऱ्या इमारतीत."

गुरुजींनी परांच्यांकडे बोट केलं. "म्हणजे इमारत बंद, काम चालू. आमच्या शाळेला गेल्याच वर्षी रंग दिलाय. पत्र्याला एक भोक नाही."

मंदार उगाचच फोन बघायला लागला.

*

मग शांतता-महाल, जिथे देशादेशांची भांडणं सोडवतात. फाटकापाशी एक झाड आहे, लोक त्यावर इच्छा लिहून चिठ्ठ्या बांधतात. मी लिहिलं, "जगभर लोकशाही नांदो." गुरुजींनी लिहिलं, "प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी." खाली विषय. खाली विनंती, की पावसाळ्यात चौदा मुलं ओढा ओलांडून खालच्या गावच्या शाळेत जाऊ शकणार नाहीत. खाली तारीख आणि सही.

"गुरुजी, हे इथे कोण वाचणार?"

"तिथेही कुणी वाचलं नाही. इथे निदान सावली आहे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी आजच ऑनलाइन पिटिशन टाकते. दोन दिवसांत हजार सह्या आणते."

"हजार सह्या नकोत गं," गुरुजी म्हणाले. "सहा मुलं हवीत."

*

मंगळवारी मंदारचा फोन आला. वाडीवरच्या नव्या मास्तरांनी कळवलं होतं, की सोमवारी आदेश आला, शाळेला कुलूप लागलं, हजेरीपट आणि घंटा खालच्या गावी नेली.

बुधवारी सुट्टी काढून संसदेत चर्चा ऐकायला जायचं ठरलं होतं. "रद्द करू या का?" मी विचारलं.

"बाबा जेवले, स्वतःचं ताट धुतलं आणि म्हणाले, ठरलंय ना, मग जाऊ."

*

बुधवारी संसदेजवळच्या चौकात एका डच शाळेची सहल आली होती. पिवळी जाकिटं घातलेली मुलं आणि त्यांना मोजणाऱ्या बाई. आम्ही पुढे निघालो, गुरुजी मागे थांबलेले.

"बाई शेवटच्या मुलाला दोनदा मोजतायत. एक कमी आहे, सांग त्यांना."

मी भीत भीत सांगितलं. बाईंनी परत मोजलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. एक मुलगी पुतळ्यामागे बुटाची नाडी बांधत बसली होती. बाईंनी गुरुजींचा हात दोन्ही हातांत धरला, तो सोडेचनात.

"सव्वीस वर्षांत माझं एकही मूल हरवलं नव्हतं," चालता चालता गुरुजी म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "परवापर्यंत."

*

पासपोर्ट दाखवून आम्ही प्रेक्षक गॅलरीत बसलो. खाली दीडशे खुर्च्यांचं सभागृह. कोणी एक मंत्री उत्तर देत होते. मी गुरुजींच्या कानाशी भाषांतर करत होते, हा कोणता पक्ष, ती काय विचारतेय. त्यांचं लक्ष नव्हतं. ओठ हलत होते. नजर एकेका खुर्चीवरून सरकत शेवटपर्यंत गेली, परत पहिल्या रांगेशी आली आणि पुन्हा शेवटपर्यंत गेली.

"अकरा," गुरुजी म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, वर्गात मागच्या बाकावर वाकून विचारावं तसं अगदी हळू, "आणि तरी चालू आहे?"